खालची कड

म्रोझेकबाईंच्या खिडकीची चौकट
मी अंगठ्याने दाबली, तर पत्रा आत गेला.
पत्र्याने आत जायचं नसतं.
त्यामागे लाकूड असायला हवं.

बफेलोतला ऑक्टोबर. ईरी सरोवरावरचा वारा
शिडीची एकेक पायरी मोजत वर येतो.
खाली मुथन्ना शिडी धरून,
दातांत चार खिळे, तरी बोलतोच आहे:
"उस्ताद, हात फिरवला की पांढरी भुकटी येते, एवढंच ना?
धुऊ, प्रायमर लावू, रंगाचे दोन हात.
गुरुवारी मोकळे."

झालोही असतो.
पण खिळे ओळखीचे निघाले.
दर नऊ इंचांवर एक, आणि कोपऱ्याला
कात्रीने तिरकी छाटलेली जीभ, आत दुमडलेली,
कुणाच्या बोटाला धार लागू नये म्हणून.
असा कोपरा या शहरात एकच माणूस करायचा.
त्याने मला सायकल शिकवली नाही,
पत्रा वाकवायला शिकवला.
"घाई केलीस की सुरकुती पडते,
आणि ती मग कुणाच्या बापाला निघत नाही."

विचारलं तर बाई म्हणाल्या, हो, झिगमुंटच.
चौऱ्याहत्तर साल. पोलादाच्या कारखान्यातून सुटला
की शनिवारी यायचा, वाकणयंत्र गाडीच्या टपावर बांधून.
आमचे हे कंटाळले होते.
दर तिसऱ्या उन्हाळ्यात खरवडा, घासा, रंगवा,
आणि बर्फ येऊन पुन्हा सगळे पापुद्रे सोलणार.
झिगमुंट म्हणाला, झाकून टाकू,
तुमच्या नातवंडांनाही ब्रश धरावा लागणार नाही.
नातवंडं झालीच नाहीत, बाई म्हणाल्या,
तेवढं त्याचं खरं ठरलं.

मी खिळे उपसले.
पत्रा अख्खा सुटून आला, आणि त्यामागून
चहाच्या ओल्या चोथ्यासारखा काळा भुगा,
दोन-तीन घूण,
आणि वर्तमानपत्राचा एक बोळा.

बोळा. घट्ट, मापात कोंबलेला.
म्हणजे खड्डा तेव्हाच होता.
म्हणजे त्याने तो पाहिला होता.
संध्याकाळ झाली असेल, उजेड उतरला असेल,
अजून सहा खिडक्या बाकी असतील,
नव्या लाकडाला पैसे कुणाकडे होते तेव्हा.
हे सगळं मी त्याच्यासाठी शिडीवरच रचलं;
पांघरूण घालायचं शिक्षण
माझंही त्याच्याच हाताखालचं.
झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ
पन्नास वर्षांनी माझ्याच हातात उघडली,
आणि ओली निघाली.

"काय आहे वर?" बाईंनी विचारलं.
मुथन्ना पहिल्यांदाच गप्प.
"कुजलंय," मी म्हणालो. "माझ्या बापाने झाकलं होतं."
बाईंनी स्वेटरचं वरचं बटण लावलं.
"दिसायचं मात्र सुरेख," त्या म्हणाल्या.
"अख्ख्या गल्लीत."

गुरुवार गेला, शुक्रवारही गेला.
कुजकं कापत कापत हिरवट, कडक लाकडाशी पोचलो,
नवी पट्टी बसवली, तिला चारही अंगांनी रंग दिला,
भिंतीकडे तोंड करून राहणाऱ्या अंगालासुद्धा.
मुथन्नाने विचारलं, ते कोण बघणार?
मी उत्तर दिलं नाही. मलाही नीटसं माहीत नव्हतं.
मग नवा पत्रा, एकच दाब, सुरकुती नाही.
जुने पत्रे शाबूत होते ते धुतले,
आणि सगळ्यांना मिळून बाईंनी निवडलेला रंग:
आलुबुखार पिकून झाडावरच राहिलं की होतो तसा.

वरची फट भरली. बाजूच्या भरल्या.
मुथन्ना सीलंटची बंदूक घेऊन खाली वाकला.
मी त्याचं मनगट धरलं.
"उस्ताद, इथे राहिलंय."
"राहू दे.
पाणी कुठून ना कुठून शिरतंच,
त्याला बाहेर पडायला लागतं."
बापाने ही कड दोनदा भरली होती. मन लावून.

परत निघताना बोळा डॅशबोर्डवर ठेवला.
उघडला नाही.
हीटर लावला,
आणि दुसऱ्या सिग्नलपाशी तो कुरकुरत
आपला आपणच सैल होऊ लागला.